काढण्यापलीकडचा एमआरआय

आपल्याकडे एमआरआय 'काढतात'. एक्स-रे काढावा, फोटो काढावा, तसाच. डॉक्टर चिठ्ठी देतात, घरातलं कुणीतरी ती भलीमोठी पिशवी काखोटीला मारून परत येतं आणि खिडकीच्या उजेडात फिल्म धरून सगळे बघतात. कळत कुणालाच काही नसतं. 'काढणं' हे क्रियापद बरीच वर्षं चपखल बसलं, पण आता ते तोकडं पडतंय. काही ठिकाणी हे यंत्र आता उपचार चालू असतानाच चालू ठेवलेलं असतं.

उदाहरण थरथरत्या हातांचं घेतो. एसेन्शियल ट्रेमर या विकारात माणूस स्वस्थ बसलेला असताना हात बरा असतो, पण चहाचा कप उचलायला गेला की बशीभर चहा सांडतो. सहीसुद्धा धड होत नाही. औषधांनी भागलं नाही तर पूर्वी कवटीला भोक पाडून आत तार सोडणं हाच मुख्य मार्ग असे. आता कवटी न उघडता काम होऊ शकतं. डोकं पूर्ण भादरतात, चौकटीत घट्ट बसवतात, भोवती थंड पाणी खेळवतात आणि हजाराहून जास्त बारीक स्रोतांतून निघालेला अल्ट्रासाऊंड मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या एका इवल्याशा ठिकाणी एकवटतात. भिंगाने उन्हात कागद जाळावा, तसं.

पण नेमकं कुठे आणि किती तापलं, हे बंद कवटीतलं कळणार कसं? तिथे एमआरआय तापमापक होतो. पाण्यातल्या हायड्रोजनचा सूर, म्हणजे चुंबकात तो ज्या वारंवारतेने साद देतो ती, तापमान वाढलं की उतरतो: दर अंशाला साधारण दहा कोटींत एक भाग. एवढासा फरक यंत्र टिपतं आणि दर काही सेकंदांनी डोक्याच्या आतल्या उष्णतेचा नकाशा देतं. आधी हलका शेक देऊन बघतात. पेशंट पूर्ण जागा असतो. त्याला कागदावर गोल गोल चकली काढायला सांगतात. रेष सुधारली, बोलणं अडखळत नाही, चेहरा बधिर झालेला नाही, म्हणजे जागा बरोबर आहे. मगच ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवून तेवढा ठिपका कायमचा मारतात.

अमेरिकेत २०१६ साली या उपचाराला मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत ७६ पेशंट होते. तीन महिन्यांनी हाताची थरथर सरासरीने जवळजवळ निम्म्यावर आली. जाहिरातीत याच्या पुढचा भाग सहसा नसतो. एकतृतीयांशाहून जास्त जणांना सुरुवातीला चालताना तोल सांभाळणं जड गेलं किंवा बधिरपणा जाणवला आणि काहींचा तो वर्षानंतरही गेला नव्हता. शिवाय काहींच्या कवटीचं हाडच असं असतं, की त्यातून ध्वनी नीट आत जात नाही.

या तापमापकाच्या मुळाशी असलेलं तत्त्व १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये ठसठशीतपणे समोर आलं होतं. साध्या अल्कोहोलमधले हायड्रोजन एका सुरात न बोलता तीन वेगळ्या सुरांत बोलतात, कारण प्रत्येकाचा रासायनिक शेजार वेगळा, हे दाखवणाऱ्या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनीच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एनएमआरचं, म्हणजे एमआरआयच्या मुळाशी असलेल्या तंत्राचं, संशोधन सुरू केलं. पाणी तापलं की रेणूंची आपसातली पकड सैल होते, म्हणजे शेजारच बदलतो आणि सूर उतरतो. एमआरआयच्या शोधाचं २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं आणि आपल्याला डावललं म्हणून डॅमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन निषेध केला, ती कथा पुष्कळदा सांगितली जाते. मुंबईशी जोडलेला हा धागा मात्र सांगितला जात नाही.

कॅन्सरच्या रेडिएशनमध्येही असाच बदल झाला. किरण सोडणारं यंत्र आणि एमआरआयचा प्रचंड चुंबक यांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या मंडळींनी ते वर्षानुवर्षांच्या खटपटीने जमवलं आणि २०१७ मध्ये तिथे पहिल्या पेशंटवर उपचार झाले. किरण चालू असताना गाठ कुठे सरकली ते दिसत राहतं. लॉस एंजेलिसच्या एका चाचणीत अशा पद्धतीमुळे प्रोस्टेटभोवती खबरदारी म्हणून किरणांच्या टप्प्यात घ्यायची जागा ४ मिलिमीटरवरून २ वर आणता आली आणि लघवीचे त्रास ४३ टक्क्यांवरून २४ वर आले. दोन मिलिमीटरची किंमत ज्याने भोगलंय त्याला विचारावी.

पक्षाघातात हेच यंत्र घड्याळ बनतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला नेहमीची मुदत साडेचार तासांची. पण माणूस रात्री धड झोपला आणि सकाळी हात लुळा पडलेला, तर झटका कधी आला हे सांगणार कोण? पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयमध्ये मेंदूची इजा काही मिनिटांत उमटते. फ्लेअर या दुसऱ्या प्रकारात ती दिसायला काही तास जावे लागतात. पहिल्यात दिसते, दुसऱ्यात नाही, म्हणजे बहुधा मुदत अजून टळलेली नाही. २०१८ च्या युरोपातल्या चाचणीत अशा पेशंटना इंजेक्शन दिल्यावर ५३ टक्के चांगले सावरले, न दिलेल्यांत ४२ टक्के. माझ्या मते एमआरआयच्या साऱ्या बातम्यांत ही सर्वांत मोलाची, पण तिला चकाकी नाही.

चकाकी असते ती मेंदूच्या रंगीत चित्रांना. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं, की रक्तातला प्राणवायू कमी-जास्त झाला की एमआरआयचा सिग्नल बदलतो. त्यातून 'फंक्शनल' एमआरआय जन्मला. इथे यंत्र विचार बघत नाही. विचारामागून पाचेक सेकंदांनी धावत येणारं रक्त बघतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि आकडेमोड ढिली ठेवल्यास त्याच्याही मेंदूत 'हालचाल' निघते हे सिद्ध केलं. २०२२ चा एक अभ्यास सांगतो, की मेंदूची ठेवण आणि स्वभाव-बुद्धी यांचा खात्रीचा संबंध सापडायला हजारो माणसं तपासावी लागतात. वीस-पंचवीस जणांवरून 'प्रेमाचं केंद्र' शोधल्याच्या बातम्या तेव्हा रद्दीत टाकलेल्या बऱ्या. फ्रान्समध्ये साक्ले इथे ११.७ टेस्ला ताकदीचा, १३२ टनांचा चुंबक उभा राहिलाय. २०२४ मध्ये त्याने जिवंत मेंदूची अतिशय बारीक चित्रं दिली. तरी आकडेमोडीतला ढिसाळपणा चुंबकाची ताकद वाढवून जात नाही.

फंक्शनल एमआरआयचा एक उपयोग मात्र मला हलवून गेला. एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये केंब्रिजला अपघातानंतर पाच महिने निपचित पडलेल्या एका तरुणीला यंत्रात ठेवून सांगितलं, 'तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.' निरोगी माणसाचा जो भाग उजळतो, तोच तिचाही उजळला. २०१० पर्यंत अशाच अवस्थेतल्या एका पेशंटने टेनिस म्हणजे 'हो' आणि घरात फिरणं म्हणजे 'नाही', अशा खुणेने प्रश्नांची उत्तरंही दिली. २०२४ मध्ये बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांची एमआरआय किंवा ईईजीने तपासणी झाली, तेव्हा ६० जण आतून सूचना पाळत होते. चारांत एक.

ही तपासणी साध्या दवाखान्यात होत नाही, लवकर होईल असंही दिसत नाही. तोवर एवढं करा: तुमचं माणूस अतिदक्षता विभागात तसं पडून असेल, तर 'त्याला काय कळतंय' म्हणत उशाशी उभं राहून बिलाच्या आणि जागेच्या वाटणीच्या गोष्टी काढू नका. बाहेर व्हरांड्यात जाऊन बोला.