फोन उचलला जातो, पण पलीकडे शांतता! कार्यालयाचा स्वयंचलित संदेश मधूनच गप्प का होतो?

मोहफुलांच्या हंगामात चंद्रपूर आणि गडचिरोलीतले गावकरी भल्या पहाटे जंगलात जातात. वाघ दिसला किंवा गुरं मारली गेली, तर वनविभागाला फोन केला जातो. त्यासाठी राज्यात १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. अनेक जण जवळच्या कार्यालयाचाही नंबर फिरवतात. अशा वेळी कुठल्याही कार्यालयात रिंग थांबली आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही, तर माणूस फोन कट करतो आणि महत्त्वाची खबर तिथेच अडकते.

आवाज जातो कुठे?

इंटरनेटवर चालणाऱ्या फोन यंत्रणेत एका कॉलचे दोन भाग असतात. 'फोन आला, उचलला' हा निरोप एका वाटेने जातो, तर आवाज छोट्या पॅकेटच्या रूपात दुसऱ्या वाटेने. म्हणून कॉल लागतो, पण आवाज पोहोचत नाही, असं होऊ शकतं.

मग प्रत्येक वेळी का होत नाही?

प्रत्येक कॉलच्या आवाजाला वेगळा पोर्ट मिळतो. अ‍ॅस्टरिस्क या लोकप्रिय प्रणालीत सहसा १०००० ते २०००० हे पोर्ट वापरतात. फायरवॉलमध्ये त्यातले थोडेच खुले असतील, तर काही कॉल बोलतात, काही मुके राहतात. दुर्गम भागात इंटरनेटच्या दोन जोडण्या ठेवल्या जातात. निरोप एकीवरून आणि आवाज दुसरीवरून गेला, तर फोन कंपनीची यंत्रणा तो अनोळखी समजून नाकारू शकते.

कधी दोष ध्वनिफितीत असतो. सकाळी, सुट्टीच्या दिवशी किंवा मराठी-हिंदीसाठी वेगळ्या फाइल असतात. त्यातली एक गहाळ असेल किंवा चुकीच्या स्वरूपात असेल, तर ठरावीक वेळीच शांतता पसरते. साध्या टेलिफोन दर्जासाठी ८००० हर्ट्झ, मोनो फाइल चालते.

दोष कसा ओळखायचा?

• शांतता असतानाच मेन्यूतला आकडा दाबा. माणसाशी नीट बोलता आलं, तर आधी फाइल तपासा. त्याचाही आवाज येत नसेल, तर नेटवर्क तपासा.
• मुक्या कॉलची वेळ, कॉल करणाऱ्याचा नंबर आणि आपली लाइन लिहून ठेवा. आठ-दहा नोंदींत सूत्र दिसू लागतं.
• फक्त पहिले शब्द गळत असतील, तर आवाजाची वाट जुळण्याआधीच संदेश सुरू होतोय. कॉल उचलल्यावर एक सेकंदाचा विराम द्या.
• राउटरमधली 'सिप एएलजी' ही सोय बंद करून पाहा. ती अनेकदा पत्त्यांत नको ते बदल करते.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत स्वयंचलित संदेश बाजूला ठेवून कॉल थेट ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याकडे वळवणं सुरक्षित.