शोभेची दारू आणि घरची वडील मंडळी

दिवाळीच्या फराळाचा आपल्या घरांत जितका विचार होतो, त्याच्या शतांशहि शोभेच्या दारूचा होत नाहीं. ती दुकानांतून आणावयाची, चार दिवस मुलांच्या हवालीं करावयाची, आणि आपण दूर बसून "जपून रे" म्हणावयाचें, एवढाच वडील मंडळींचा तिच्याशीं संबंध. कायद्यानें अलीकडे या विषयांत पुष्कळ लक्ष घातलें आहे. पण ते नियम पोलिसांची कटकट म्हणून सोडून देण्याकडेच आपला कल. वास्तविक त्यांतील एकेक नियम कोणाच्या तरी कानाशीं, डोळ्यांशीं किंवा श्वासाशीं जोडलेला आहे.

हा शोक जुना खरा. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरां'तील लग्नसमारंभांत दारूकामाचें वर्णन येतें. महादजी शिंद्यांच्या तोंडून कोट्याच्या दिवाळीची हकीकत ऐकून सवाई माधवरावांनीं पुण्यास पर्वतीजवळ 'दारूची लंका' करविल्याची कथा पेशव्यांच्या बखरींत आहे. परंतु ती लंका राजाज्ञेनें, मोकळ्या जागेंत जळाली. आजची लंका इमारतीच्या आवारांत, दोन मोटारींच्या मध्यें, दहा वर्षांच्या मुलाच्या हातून पेटते.

सर्वोच्च न्यायालयानें २३ ऑक्टोबर २०१८ रोजीं दिलेल्या निकालांत दिवाळीस फटाके उडविण्यासाठीं रात्रीं आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेंहि २०२३ च्या नोव्हेंबरांत मुंबईपुरता याच दोन तासांचा आग्रह धरला. अर्थात् नरकचतुर्दशीच्या पहांटे पहिला फटाका कोणाचा, ही आपली आवडती चढाओढ आतां नियमांत बसत नाहीं. अनेकांस हें रुचणार नाहीं. तथापि शेजारच्या घरांतील बाळंतिणीस अथवा दमेकरी आजोबांस त्याच वेळीं कोठें डोळा लागलेला असतो. पहांटेचा मान पणत्यांस द्यावा हें बरें.

त्याच निकालानें फटाक्यांच्या माळा आणि बेरियमचे क्षार असलेले फटाके वर्ज्य ठरविले. माळेनें आवाज, धूर व कचरा यांची एकदम भर पडते. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. गंमत अशी कीं, दारूकामांत हिरवा रंग सामान्यतः या बेरियमनेंच येतो. तेव्हां 'हरित फटाका' याचा अर्थ हिरव्या ज्योतीचा फटाका असा कोणीं घेऊं नये. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनें सिद्ध केलेल्या मिश्रणाचा, धुळीचे कण सुमारें तीस टक्के कमी सोडणारा, तो हरित. धूर त्याचाहि होतोच. असे फटाके परवानाधारक दुकानांतून, वेष्टनावरील खूण पाहून घ्यावे. दिवाळीस गांवीं जाणाऱ्यांनीं तर हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, आगगाडींतून फटाके नेणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

आतां घरच्या शिस्तीविषयीं. सर्वांत निरुपद्रवी म्हणून आपण फुलबाजी अगदीं लहान मुलाच्या मुठींत देतों. तिच्या जळत्या टोंकाची उष्णता एक हजार अंशांच्या आसपास जाऊं शकते, आणि ती विझल्यावर काळी पडलेली तार दिसावयास गार पण लागावयास निखारा असते. अनवाणी पाउलांचे चटके बहुधा तिचेच. शेजारीं पाण्याची बादली ठेवून प्रत्येक तार तींत टाकावयास लावावी. भुईनळा पेटवितांना उदबत्ती लांब काठीस बांधावी, तोंड बाजूस ठेवावें, व वात पेटतांच मागें सरावें. तो पेटला नाहीं म्हणून वांकून पाहणें हाच खरा घातक क्षण. त्यांत डोळा जातो. न पेटलेल्या फटाक्यास पुन्हां वात लावूं नये. कांहीं वेळ थांबून दुरूनच पाणी ओतावें. कपडे सुती व अंगाबरोबर असावे, पदर खोंचलेला असावा, पायांत बूट असावे. बाण गच्चींतून अथवा घरांच्या दाटींत मुळींच सोडूं नये.

इतकें करूनहि भाजलेंच, तर तूप, हळद, शाई, दांत घासण्याची पेस्ट यांपैकीं कांहींहि लावूं नये. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखालीं तो भाग वीस मिनिटें धरावा, बर्फ नको. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या. कातडीस चिकटलेलें कापड मात्र ओढूं नये. डोळ्यास इजा झाली तर तो चोळूं नये, दाबूं नये. डोळ्यावर स्वच्छ कागदी पेला अलगद उपडा धरून तडक नेत्रवैद्याकडे जावें. हे उपाय मुलांच्या आजीलाहि आधींच सांगून ठेवावे, कारण तुपाचें भांडें बहुधा तीच घेऊन येते.

राहिली दुसऱ्या दिवसाची सकाळ. मोठीं माणसें झोपलेलीं असतात, आणि मुलें अंगणांतील न उडालेले फटाके वेंचून, त्यांतील दारू कागदावर जमवून पेटवितात. तो खेळ आपणहि लहानपणीं पाहिलेला आहे. यास्तव रात्रीं दिवे मालविण्यापूर्वीं घरांतील एका मोठ्या माणसानें अंगण झाडून तो सर्व कचरा पाण्यांत बुडवावा, आणि मगच निजावयास जावें.