शेवटच्या खाटेची शुश्रूषा

अकोल्याहून मंगरूळपीरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात बार्शीटाकळी येते. तालुक्याची कचेरी, हेमाडपंती धाटणीचे प्राचीन देऊळ आणि भोवती कपाशी-तुरीची शिवारे असलेल्या या गावात म्हातारपण अजूनही पुष्कळसे घरच्या ओसरीवर, बाजेवरच सरते. परंतु ज्यांची मुले नोकरीपायी पुण्या-मुंबईकडे गेली, ज्यांना मूलबाळ झालेच नाही, किंवा शेतीची वाटणी झाल्यावर ज्यांच्या वाट्याला कोणीच आले नाही, अशांची वाट अखेर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या दाराशी जाऊन थांबते. तेथे दाखल होताना आधारकार्ड, फोटो आणि नातेवाइकाचा फोननंबर यांची नोंद तत्परतेने होते. ही व्यक्ती एके दिवशी याच खाटेवर मरण पावेल, आणि त्या दिवसांत तिच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला काहीएक विद्या अवगत असावी लागेल, हा विचार मात्र त्या दप्तरात सहसा आढळत नाही.

निराधारांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या घरांची परंपरा वऱ्हाडाला परकी नाही. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले. अचलपूर भागातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी अनाथ दिव्यांग मुलांना आसरा दिला आणि वयाची १८ वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना संस्थेबाहेर काढणारा नियम बदलावा म्हणून वर्षानुवर्षे सरकारकडे दाद मागितली. आणि ज्यांनी १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवला, त्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आजही कर्करोग्यांना व त्यांच्या सोबत्यांना निवारा देते. या सर्वांमागची करुणा निर्विवाद होय. तथापि करुणा असली म्हणजे शुश्रूषा आपोआप साधते, ही आपली एक लाडकी समजूत आहे, आणि रुग्णाची पाठ सोलून जखमा होतात त्या पुष्कळदा या समजुतीपायीच होतात.

कायद्याने या बाबतीत अर्धी वाट चालून दाखवली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य शासनाने काढावा, अशी तजवीज आहे. तेथील वैद्यकीय सेवेचाच नव्हे, तर करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख आहे. असाध्य व्याधींसाठी सोयी वाढवाव्यात असेही कलम त्यात आहे, पण ते इस्पितळांच्या प्रकरणात. आश्रमात प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या मावशीला काय शिकवावे, याविषयी कायदा मौन पाळतो.

जे शिकवावयाचे त्याला आरोग्य खात्याच्या कागदांत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण उपशामक शुश्रूषा म्हणू. रोग बरा होणार नाही हे निश्चित झाल्यावरही वेदना, धाप, मळमळ, भीती आणि एकटेपण यांचे निवारण करता येते, व ते शास्त्रशुद्ध रीतीने करावयाचे असते, हा तिचा गाभा. आधी परिचारिका, मग रुग्णालयीन समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली सॉण्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले, तेव्हापासून या शास्त्राला आधुनिक रूप आले. भारतातील अशा प्रकारचे पहिले गृह मुंबईचे, वांद्र्याचे शांती आवेदना सदन. ते १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करोग्यांची विनामूल्य सेवा करीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा शुश्रूषेची गरज भासते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना. ही गरज केवळ कर्करोग्यांची नव्हे. स्मृतिभ्रंश, अर्धांगवायू, निकामी होत चाललेले हृदय वा मूत्रपिंड आणि नुसते जर्जर वार्धक्य यांचीही आहे, आणि वृद्धाश्रमात मुख्यतः हीच मंडळी असतात.

आता या शिक्षणात नेमके काय असते ते पाहू. पहिला धडा वेदना ओळखण्याचा. ज्याची वाचा आणि स्मृती दोन्ही गेली आहेत, तो दुखते असे सांगत नाही. तो अन्न नाकारतो, अंघोळीच्या वेळी हात झिडकारतो, रात्री ओरडतो, आणि ‘बुढा लय तरास देते’ एवढीच नोंद त्याच्या नावावर होते. अशा रुग्णांसाठी २००३ साली अमेरिकेत एक साधे मोजमाप तयार झाले. श्वासोच्छ्वास, कण्हणे-ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराची ठेवण आणि धीर दिल्यावर रुग्ण शांत होतो की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे व दहापैकी बेरीज मांडावयाची. अक्षरओळख असलेली कोणतीही मावशी हे काम शिकू शकते, आणि एकदा शिकली की ज्याला ती हट्टीपणा समजत होती ते कमरेच्या मोडलेल्या हाडाचे दुखणे होते, असे तिच्याच ध्यानात येऊ शकते. ‘त्रास देणारा’ रुग्ण ‘त्रासात असलेला’ रुग्ण दिसू लागणे, यातच मला या शिक्षणाचा निम्मा लाभ दिसतो.

दुसरा धडा कुशीचा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलणे, टाचा गादीवर टेकू न देणे, ओला कपडा तत्काळ काढणे, हे सांगण्यास सोपे आणि रात्री दोन वाजता, वीस खाटांमागे एकच माणूस असताना, करण्यास महाकठीण. तरीही ते करता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, सांभाळले. आणि इतक्या दीर्घ काळात तिला एकही शय्याव्रण झाले नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने आपल्या २०११ च्या निकालपत्रात आवर्जून घेतली.

तिसरा धडा आपल्या श्रद्धांच्या अगदी निकटचा, म्हणून नाजूक. मरणोन्मुख माणसाच्या मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालावे, ही आपली रीत. आणि काही खाल्ले-प्याले नाही तर तो उपाशी जाईल, ही आपली धास्ती. परंतु शेवटच्या दिवसांत भूक-तहान मंदावणे हा देहाचा धर्मच होय. गिळण्याची शक्ती गेलेल्याच्या तोंडात चमचाभर पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत उतरून त्याचा जीव घुसमटतो, आणि आग्रहाने लावलेल्या सलाइनने अंगावर सूज व छातीत कफ वाढण्याचाच संभव अधिक. म्हणून ओल्या कापसाने ओठ व जीभ भिजवावी, तुळशीचे पान त्याच थेंबाने ओठांना लावावे. यात रीतही राहते आणि इजाही टळते. घरघर लागली की ऐकणाऱ्याचे काळीज हलते. पण त्या वेळी रुग्णाला बहुधा तिची जाणीव नसते, त्याला कुशीवर वळवून मान किंचित उंच ठेवणे हे नळी घालून कफ ओढण्यापेक्षा पुष्कळदा हितकर ठरते, हे माहीत असलेली मावशी स्वतः घाबरत नाही आणि दुसऱ्यालाही घाबरू देत नाही.

औषधांच्या बाबतीत मॉर्फिनचे नाव टाळता येत नाही. त्याचा उगम अफूत. सरकारी परवान्याने अफू पिकविणारा मंदसौर-नीमचचा मुलूख वऱ्हाडाहून फार लांब नाही, आणि तरीही येथील वेदनाग्रस्तांना ते दुर्मीळ राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने दुकानदार व इस्पितळे त्याच्या वाटेस जाईनाशी झाली. २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले, पण मनातला धाक दुरुस्तीने जात नाही. वृद्धाश्रमाने ही गोळी स्वतःच्या कपाटात ठेवावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा वेळेवर द्यावी, सोबतचे रेचक विसरू नये, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून औषध द्यावे, एवढे तेथील माणसाला कळले म्हणजे पुरे.

सर्वांत मोठी अडचण मात्र भयाची आहे. आश्रमात मृत्यू घडला की पुण्याचा मुलगा काय म्हणेल, पोलीस पंचनामा होईल काय, या धास्तीने शेवटच्या घटकेला रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि ज्याला फक्त एक परिचित हात हवा होता, तो अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या गर्दीत, अनोळखी माणसांत प्राण सोडतो. यावर आधी मोकळेपणे बोलणे आणि ते लिहून ठेवणे हाच उपाय. उपचारांविषयीचे आपले अग्रिम निर्देश लेखी ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट शिथिल करून दोन साक्षीदारांसमक्ष नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडील साक्षांकन पुरेसे मानले. दाखल होण्याच्या दिवशीच हे विचारणे क्रूर वाटेल. परंतु महिन्या-दोन महिन्यांनी, ओळख झाल्यावर विचारले तर म्हातारी माणसे या विषयावर आपल्या मुलांपेक्षा पुष्कळच निर्भयपणे बोलतात.

मग शिबिरे भरवली की काम झाले काय? युरोपातील सात देशांतल्या ७८ शुश्रूषागृहांत याचा कसून शोध घेतला गेला. वर्षभर टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांना शिक्षण दिल्यानंतर मरणापूर्वीच्या काळातील सेवेचा दर्जा सुधारलेला दिसला. पण शेवटच्या आठवड्यात रुग्णाला प्रत्यक्ष लाभणाऱ्या आरामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या ज्ञानातही नाममात्रच भर पडली. जेथे पगार, मनुष्यबळ व डॉक्टर यांची आपल्यापेक्षा सुबत्ता आहे, तेथली ही गत. तेव्हा दोन दिवसांचे शिबिर, शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्रांसह सामूहिक छायाचित्र यांतून आपल्याकडे चमत्कार घडेल असे मानणे भोळेपणाचे होय. शिकलेली मावशी सहा महिन्यांत अधिक पगारासाठी काम सोडून गेली, तर तिच्यासोबत विद्याही जाते.

पुन्हा, भारतीय उपशामक शुश्रूषा संघटनेसारख्या संस्थांचे जे अभ्यासक्रम आहेत, त्यांचा रोख मुख्यतः डॉक्टर व परिचारिका यांच्याकडे. कूस बदलणाऱ्या, घास भरवणाऱ्या, बहुधा दहावीच्या आत शिक्षण थांबलेल्या बाईला तिच्या वऱ्हाडी बोलीत, खाटेजवळ उभे राहून शिकवणारा कोणी हवा. आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात हा विषय आता आला आहे, उपकेंद्रांच्या सेवांमध्येही त्याचा समावेश झाला आहे. बार्शीटाकळीसारख्या तालुक्यात त्याच साखळीला वृद्धाश्रम जोडून घेता येतील. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या रुग्णालयातील परिचारिकेने यावे, मागच्या महिन्यात कोण गेले, कसे गेले, काय चुकले, हे मावशींसह बसून बोलावे. त्या बोलण्यात त्यांना रडू आले तर तेही कामाचाच भाग समजावे. आणि रात्रपाळीच्या टेबलावर प्रत्येक खाटेचा एक कागद असावा: वेदना वाढली तर कोणती गोळी, धाप लागली तर काय करावे, कोणत्या डॉक्टरांना कोणत्या नंबरवर उठवावे, आणि रुग्णवाहिका बोलवायची की नाही, खाली व्यवस्थापकाची सही, म्हणजे सकाळी जाब विचारला गेलाच तर तो त्या एकट्या मावशीला द्यावा लागणार नाही.