प्रकाश सिंग निकालानंतरचा महाराष्ट्र

22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्याचा निकाल दिला, तेव्हा मूळ याचिका दहा वर्षांची झाली होती. सिंग हे उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. त्यांचे मागणे नवे नव्हते. आणीबाणीनंतर 1977 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने बरेचसे आधीच सांगून ठेवले होते आणि त्याचे आठही अहवाल धूळ खात पडले होते. न्यायालयाने राज्यांना बजावले: महासंचालकाला किमान दोन वर्षे द्या, बदल्या-बढत्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे उभारा.

महाराष्ट्रात कायदा व्हायला 2014 साल उजाडले. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री, आर. आर. पाटील गृहमंत्री. फेब्रुवारीत अध्यादेश निघाला, मग विधिमंडळाने तो मंजूर केला. वरकरणी सगळे जागच्या जागी होते. मेख तपशिलात होती. जिल्ह्याचे तक्रार प्राधिकरण महसूल विभागावर नेले, म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने पोलिसांविरुद्ध दाद मागायला नागपूर गाठायचे. पोलिसांवरचा सरकारी दबाव रोखण्यासाठी असलेल्या राज्य सुरक्षा आयोगाच्या शिफारशी सल्ल्यापुरत्या. प्राधिकरणाचा अहवाल अपवादात्मक प्रकरणी कारणे नोंदवून फेटाळण्याची मुभा सरकारला. आणि कलम 22-एन: अधिकाऱ्याला ठरावीक मुदत खरी, पण जनहितार्थ ती कधीही तोडता येते. जनहित कशात आहे हे कोण ठरवणार? ज्यांच्या हातून बदलीचा अधिकार काढायचा होता, तेच.

ही पळवाट किती रुंद आहे, ते 2021 मध्ये दिसले. कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात 2004 पासून निलंबित असलेला एक सहायक पोलीस निरीक्षक जून 2020 मध्ये मुंबई पोलीस दलात परतला आणि थेट गुन्हे शाखेत महत्त्वाच्या जागी बसला. मार्च 2021 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. चार दिवसांत पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांची बदली झाली; तीन दिवसांनी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारे त्यांचे पत्र आले; 5 एप्रिलला देशमुखांचा राजीनामा. त्यांच्यावरच्या आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. पण त्यापुढच्या सव्वा वर्षात मुंबईने आणखी तीन आयुक्त पाहिले.

महासंचालकपदाचे तर विचारूच नका. हंगामी महासंचालक नेमू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्येच सांगितले होते. तरी एप्रिल 2021 पासून सुमारे दहा महिने संजय पांडे यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार राहिला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने पाठवलेल्या तीन नावांत त्यांचे नाव नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर फेब्रुवारी 2022 मध्ये रजनीश सेठ यांची नेमणूक झाली.

या काळात भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस असे सगळेच सत्तेत बसून गेले. विरोधी बाकांवर असताना पोलिसांवरच्या राजकीय दबावाबद्दल प्रत्येकाने घसा कोरडा केला. सत्ता आल्यावर 22-एन मधली ती सवलत काढून टाकणारी दुरुस्ती मात्र कोणीच मांडली नाही. राज्य सुरक्षा आयोगावर विरोधी पक्षनेत्यासाठी जागा राखलेली आहे. 2024 च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला त्या पदासाठी संकेतानुसार लागणारे 29 आमदार जमवता आले नाहीत आणि विधानसभेत ते पदच भरले गेले नाही.