विश्लेषण : मेणातले इवलेसे चेहरे संग्राहकांना का हवे असतात? खरे-खोटे कसे ओळखतात?

मेणाचा पुतळा म्हटले की आपल्याला लोणावळ्याचे संग्रहालय नाहीतर लंडनचे मादाम तुसाँ आठवते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात तळहातावर मावतील एवढे मेणाचे चेहरे घडवले जात होते. आजही त्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत. फसण्याची शक्यताही तेवढीच आहे.

मेणाचे उठावशिल्प म्हणजे काय?

नाण्यावरचा चेहरा जसा पृष्ठभागातून वर आलेला असतो, तसेच हे. काच किंवा पाटीच्या दगडावर मेणातून व्यक्तीचा चेहरा, बहुधा एका बाजूने, घडवायचा आणि फुगीर काचेच्या चौकटीत बंद करायचा. १६व्या शतकात पदके ओतणारे कारागीर नमुना आधी मेणात करत. पुढे त्या नमुन्यालाच मागणी आली. इटलीचा अँटोनियो अबोंदियो (१५३८-१५९१) हाब्सबर्ग दरबारासाठी रंगीत मेणात अशी व्यक्तिशिल्पे करत असे. गंमत म्हणजे रंग सहसा वरून लावलेला नसतो, मेणातच कालवलेला असतो. काही शिल्पांत खरी लेस आणि बारीक मोतीही जडवलेले दिसतात.

१८व्या शतकात इंग्लंडमध्ये ही कला मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आयझॅक गॉसेट हस्तिदंती रंगाच्या मेणासाठी प्रसिद्ध होता, तर सॅम्युएल पर्सी भडक रंगांसाठी. कॅथरीन अँड्रास या महिला कलाकाराने अ‍ॅडमिरल नेल्सनला समोर बसवून त्याचे मेणशिल्प केले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला नेल्सनचा पुतळाही तिचाच. १८३९ मध्ये छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले आणि या कलाकारांचे गिऱ्हाईक हळूहळू फोटो स्टुडिओकडे वळले.

प्रत की मूळ?

इथेच खरी मेख आहे. एकदा प्लास्टरचा साचा केला की त्यातून अनेक प्रती निघतात. त्यामुळे जाणकार कान, केस, कॉलर यांच्या मागे गेलेल्या खोल खाचा पाहतात, कारण त्या साच्यातून मिळणे अवघड असते. चौकटीमागे चिकटवलेला जुना कागद, त्यावरचे नाव आणि पत्ता यालाही मोल असते. अर्थात चौकट जुनी आणि शिल्प नवे, असेही होऊ शकते.

तज्ज्ञही चुकतात का?

हो, आणि मोठ्या थाटात चुकतात. बर्लिनच्या संग्रहालयांचे प्रमुख विल्हेल्म फॉन बोडे यांनी १९०९ मध्ये ‘फ्लोरा’ या रोमन देवतेचा मेणाचा अर्धपुतळा लिओनार्दो दा विंचीची कलाकृती समजून घेतला. हे उठावशिल्प नव्हे, पण संशय ज्याच्यावर आला तो रिचर्ड कॉकल लुकास (१८००-१८८३) मेण आणि हस्तिदंतातली छोटी व्यक्तिशिल्पे करणारा इंग्रज शिल्पकार होता. हे माझ्या वडिलांचे काम आहे, असे लुकासच्या मुलाने सांगितले. बोडे अखेरपर्यंत मानले नाहीत.

शंभरहून अधिक वर्षे चाललेल्या या वादावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन चाचणीने उत्तर दिले. पुतळ्यात मधमाशांचे मेण थोडेच होते. बहुतांश भाग स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचा निघाला. आता समुद्रातला कार्बन जुना असतो. त्यामुळे सागरी जिवांपासून बनलेली वस्तू चाचणीत खऱ्या वयापेक्षा काही शतके जुनी भासते. म्हणजे ही दुरुस्ती केली नसती, तर बोडेंचे म्हणणे कदाचित खरेही वाटले असते! संशोधकांनी त्यासाठी गणिताची वेगळी पद्धत बसवली आणि पुतळा १९व्या शतकातला ठरला.

घरी असे शिल्प असेल तर?

मधमाशांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ त्याच्या बरेच आधी पडते. विदर्भातला मे महिना त्याला सोसणारा नाही. ऊन, दिव्याची उष्णता आणि तापमानातले वारंवार चढउतार टाळावेत, नाहीतर मेणाला तडे जातात. पृष्ठभागावर कधीकधी पांढरी साय धरल्यासारखी दिसते. ती धूळ किंवा बुरशी समजून पुसायला जाऊ नका. बहुतेकदा ते मेणातूनच वर आलेले स्फटिक असतात आणि फडक्याने नाकाचा शेंडाच निघून येऊ शकतो. चौकटीची काच उघडण्याचे काम संवर्धकाकडेच द्यावे.