सीटी स्कॅन आणि स्तनांचा कर्करोग

मुरूड-श्रीवर्धनकडील एखादी कोळीण छातीतल्या गाठीविषयी घरात पहिल्यांदा बोलते, तेव्हा बहुधा ती गाठ तिला बऱ्याच महिन्यांपासून ठाऊक असते. दुखत नाही म्हणून ती गप्प राहिलेली असते. आणि मासळीबाजाराचा दिवस बुडवून अलिबाग वा परळ गाठणे सोपे नाही, म्हणूनही. अशा वेळी शिकलेल्या मुलाने "एकदा सीटी स्कॅनच करून घेऊ" असे म्हणावे, हे स्वाभाविक आहे. मेंदूपासून फुप्फुसापर्यंत सारे दाखविणारे यंत्र स्तनातली गाठ दाखविणार नाही काय?

हा प्रश्न भाबडा नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले आणि त्याच दशकात अमेरिकेत केवळ स्तनांसाठी सीटी यंत्र बनवून पाहण्यात आले. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य दिल्यास कर्करोगाची गाठ उजळून दिसते, हे तेव्हाच ध्यानात आले होते. तथापि किरणांची मात्रा, द्रव्य टोचण्याचा व्याप आणि खर्च यांपुढे तो प्रयोग मागे पडला. २००१ नंतर कॅलिफोर्नियात जॉन बून यांनी तो विचार पुन्हा हाती घेतला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१५ मध्ये अशा एका यंत्रास संमती दिली खरी. पण संशय आल्यानंतरच्या निदानासाठी, निरोगी स्त्रियांच्या सरसकट चाळणीसाठी नव्हे. या यंत्रात स्त्री पालथी निजते आणि स्तन दाबला जात नाही. एकावर एक आलेल्या पेशीसमूहांचे थर वेगळे दिसतात, ही त्याची जमेची बाजू. उलट काखेकडचा व छातीच्या भिंतीलगतचा भाग त्याच्या दृष्टीतून निसटू शकतो.

गावोगावच्या सीटी केंद्रांतले यंत्र मात्र हे नव्हे. तेथे साऱ्या छातीवर किरण पडतात. रोग फुप्फुसात वा यकृतात पसरला आहे काय, हे पाहण्यास ते उपयोगी. अन्य कारणाने काढलेल्या अशा चित्रात स्तनातली गाठ अवचित दिसली, तर तिचा पाठपुरावा व्हावाच. परंतु मुद्दाम तेवढ्यासाठी ते काढणे म्हणजे पैसा आणि किरण दोन्ही वाया घालविणे होय.

चित्र किती स्पष्ट, यावर चाळणीचे मोल ठरत नाही. किती स्त्रिया वाचल्या, यावर ठरते. ही कसोटी टाटा रुग्णालयाने मुंबईत लावून पाहिली. १९९८ पासून ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांची, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतले रोगी ३७ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला, तर घट पंधरा टक्के आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरी न उतरणारी, हेही संशोधकांनी लपविले नाही. सीटीच्या जाहिरातींत असा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

टाटा केंद्राचीच संशोधन संस्था खारघरला, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात आहे. तीस वर्षांपुढील स्त्रियांची हाताने तपासणी २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सांगितलेली आहे. तेव्हा किनाऱ्यासाठी मागावयाचे ते वेगळेच. गाठ लागल्यावर सोनोग्राफी, वयानुसार मॅमोग्राफी आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी या गोष्टी श्रीवर्धनच्या बाईला एकाच फेरीत मिळतात काय? दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा एस.टी.चे भाडे आणि पुन्हा एक बाजाराचा दिवस मोडावा लागतो. आणि गाठ अजूनही दुखत नसते.