पसंतीक्रम भरताना भिता कशाला?

निकाल लागला की आमच्या वस्त्यांतून एकच प्रश्न येतो : "वकीलसाहेब, पोराला कुठले कॉलेज मिळेल?" कुठले हवे, हे कुणी बोलत नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाचा अर्ज आम्ही पाहतो, तर पहिल्या क्रमांकावर जवळचे, कालपरवा निघालेले विनाअनुदानित कॉलेज. पुण्याचे सीओईपी, माटुंग्याचे व्हीजेटीआय यादीतच नाही. का? तर "ते आपल्यासाठी नाही."

हे ठरवले कोणी? यादी वरून खाली तपासली जाते. वर मोठी नावे टाकल्याने खालची जागा जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, की तीच घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्या बंद. भीतीपोटी लिहिलेले नाव असे गळ्यात पडते. आणि खुल्या जागा ही कुणाची राखीव कुरणे नव्हेत! गुणवत्तेने त्या आमच्याही आहेत.

जवळचे कॉलेज वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. मराठवाड्यातल्या पोरांच्या दारात शिक्षण यावे म्हणूनच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले. पण ते स्वतः १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले होते.

व्यवस्थापन कोट्याच्या दलालाला मात्र दारात उभे करू नका. त्या जागेवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. कर्ज काढल्यावर हे कळून काय उपयोग? परगावी वसतिगृह मिळाले नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच हाती घ्या.

यादी पक्की करण्याआधी ती पोराने किंवा पोरीने स्वतः वाचावी, सायबर कॅफेवाल्याने नव्हे.